सुतार शिकवतो तेव्हा

आमचा धंदा लाकडाचा नव्हे. कामगारांच्या सभा भरविणे, मालकांशी बोलणी करणे, करारांचे मसुदे लिहिणे आणि पुष्कळदा मजूर न्यायालयाच्या बाहेरील बाकावर बसून राहणे, यातच आमची पंचविसांहून अधिक वर्षे गेली. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयातून, शब्दकोश उशाशी घेऊन. तेव्हा उत्तम खुर्ची-टेबल घडविणाऱ्या आणि ती विद्या दुसऱ्याला देणाऱ्या कारागिरांबद्दल आम्ही लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण ह्या विषयात आमच्या हातून एकदा एक चूक झालेली आहे, आणि ती समजून घेण्यासाठीच आम्हांला लाकडाचा अभ्यास करावा लागला. चूक कोणती ते पुढे येईलच. आधी लाकडाचे बोलू.

पावसाळ्यात आपल्या घराचे दार चौकटीत अडते आणि उन्हाळ्यात तेच दार सैल होऊन वाऱ्याने आपटते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. लाकूड कापले, वाळवले, रंधले, पॉलिश केले तरी ते हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. झाड म्हणजे अत्यंत बारीक नळ्यांची एक मोळी. ताज्या तोडलेल्या ओंडक्यात ह्या नळ्यांच्या पोकळीत पाणी असते आणि त्यांच्या भिंतींतही मुरलेले असते. पोकळीतले पाणी आधी जाते. त्याने लाकूड हलके होते, पण आटत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या मानाने सुमारे तीस टक्के ओल उरली की मग भिंतींतले पाणी जाऊ लागते, आणि तेथून लाकूड आकसू लागते.

आता गंमत अशी की ते सगळ्या बाजूंनी सारखे आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. ओंडक्याच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने थोडे. आणि वर्षावर्षाची जी वलये दिसतात त्यांच्या कडेकडेने त्याच्या सुमारे दुप्पट. म्हणून सरळ कापलेली फळी वाळताना वाकते, तिला पीळ पडतो, टोकाला चीर जाते. सागाची थोरवी पुष्कळ अंशी ह्यात आहे की तो इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो. तीन फूट रुंदीचे टेबलाचे पान साधारण लाकडाचे असेल, तर भर पावसाळा आणि कडक उन्हाळा यांत त्याची रुंदी पाव इंचापासून अर्ध्या इंचापर्यंत बदलू शकते. रत्नागिरीच्या दमट हवेत घट्ट जोडलेले टेबल मे महिन्यात नागपूरला नेले, की त्याला जाग्यावर चीर का पडते, हे ह्यावरून कळेल.

चांगला सुतार आणि कामचलाऊ सुतार यांतला फरक येथेच दिसतो. कामचलाऊ सुतार ते पान चारी बाजूंनी खिळ्यांनी आणि सरसाने जखडून टाकतो. लाकडाला हलायचे असते. हलू दिले नाही तर ते स्वतः फाटते किंवा सांधा फोडते. जाणता सुतार पानाला खालच्या पट्ट्यांवर असे बसवितो, की ते जागेवर तर राहील पण रुंदीत सरकेल. दाराची दिलेली बारीक फळी तो चौकटीच्या खाचेत सैल ठेवतो, तिला सरस लावीत नाही. पाहणाऱ्याला वाटते, अरे, हे ढिले राहिले! ते मुद्दाम ठेवलेले असते. हे सारे पुस्तकात छापता येते, आणि आम्ही ते पुस्तकातूनच घेतले. परंतु ह्या फळीला किती जागा द्यायची, हे त्या दिवशीचे ऋतुमान, त्या लाकडाची जात, त्या फळीतल्या तंतूंची दिशा पाहून ठरते. ते छापता येत नाही. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते.

कसे जाते, त्याचे एक उदाहरण आम्हांला वाचनात सापडले आणि ते आमच्या मनातून आजवर गेले नाही.

जॉर्ज नाकाशिमा हा जपानी आईबापांच्या पोटी 1905 साली अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन गावी जन्मला. तो शिकला वास्तुशास्त्र. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयाची उच्च पदवी त्याने मिळविली. नंतर जगप्रवास करीत तो टोकियोला पोचला आणि अँटोनिन रेमंड ह्या वास्तुविशारदाच्या कचेरीत रुजू झाला. रेमंडकडे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील एका निवासगृहाचे काम आले. ती इमारत म्हणजे ‘गोलकोंड’. 1937 साली नाकाशिमा त्या कामासाठी पाँडिचेरीत आला. तेव्हा ते गाव फ्रेंचांच्या ताब्यात होते. इमारत सिमेंट-काँक्रीटची, परंतु आतली सरकती दारे आणि सामान सागवानी; लाकडाचे सामान आखण्याचा नाकाशिमाचा आरंभ येथे, आपल्या देशात झाला. आश्रमात त्याला ‘सुंदरानंद’ हे नावही मिळाले, आणि पगार घेणे त्याने सोडून दिले. (पगार सोडणाऱ्या माणसाकडे आम्ही धंद्यामुळे थोडे संशयाने पाहतो, एक जण सोडतो तेव्हा शेजारच्याला मागणे कठीण जाते. पण ते असो.) 1939 साली तो तेथून निघाला, आणि पुढे अमेरिकेत परतून त्याने फर्निचर करण्यास आरंभ केला.

मग युद्ध पेटले. 19 फेब्रुवारी 1942 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत कोंडले. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. नाकाशिमा, त्याची पत्नी आणि त्यांची तान्ही मुलगी आयडाहो राज्यातील मिनिडोका छावणीत गेली. उजाड, धुळीचा प्रदेश; लाकडी बराकी; भोवती तारेचे कुंपण.

ह्या छावणीत नाकाशिमाची गाठ गेन्तारो हिकोगावा नावाच्या सुताराशी पडली. हा जपानी पद्धतीत तयार झालेला कारागीर. पदवीधर वास्तुविशारद त्याचा उमेदवार झाला. लक्षात घ्या, तोवर नाकाशिमाने इमारती आखल्या होत्या, फर्निचरही केले होते. तरीसुद्धा हत्यार हातात कसे धरावे, येथपासून तो पुन्हा शिकला. जपानी करवत आणि जपानी रंधा आपल्याकडे ओढून चालवितात, ढकलून नव्हे. ओढीत चालणारे करवतीचे पाते पातळ ठेवता येते, कारण ओढताना ते ताणले जाते, वाकत नाही. म्हणून काप बारीक येतो आणि सांधा खिळ्यावाचून बसतो. पण ओढण्यासाठी बळ कोठून काढावे, केव्हा थांबावे, धार गेली आहे हे आवाजावरून कसे ओळखावे, हे शेजारी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. लाकूड तरी काय होते? बांधकामातून उरलेल्या तुकड्यांवर आणि माळावरच्या झुडपांच्या वेड्यावाकड्या खोडांवर त्यांनी काम केले. चांगल्या फळ्या नसल्यामुळे प्रत्येक तुकडा निरखावा लागे: ह्याची गाठ कोठे आहे, ही चीर किती जाईल, हिचा उपयोग होईल की हिला लपवावे लागेल?

आम्ही मजुरीची माणसे, म्हणून छावणीतल्या मजुरीचा आकडाही सांगतो. छावण्यांतून काम करणाऱ्या बंद्यांना महिन्याला बारा, सोळा किंवा एकोणीस डॉलर मिळत: अकुशलास बारा, कुशलास सोळा, आणि डॉक्टरसारख्या उच्च शिक्षितास एकोणीस. ह्या तक्त्यात शिकविण्याचा रकाना नाही. जो सुतार दुसऱ्याला आपली विद्या देत होता, त्याला त्याबद्दल कोणी काही अधिक दिले असण्याचा संभवच नव्हता. तरी त्याने दिली. तो भला माणूस असेल; पण आम्हांला वाटते की आणखी एक कारण होते. छावणीत कामाची घाई नव्हती. अमुक खुर्च्या अमुक दिवशी गाडीत चढल्याच पाहिजेत असे म्हणणारा कोणी नव्हता. स्वातंत्र्य काढून घेतलेल्या त्या माणसांपाशी एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे वेळ. आणि विद्या त्या वेळातून पलीकडे गेली. हे लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही. शिकविण्यास सवड मिळावी म्हणून माणसाला तारेच्या आत जावे लागावे काय?

1943 साली रेमंडने जामीन राहून नाकाशिमाची सुटका करविली आणि पेन्सिल्व्हेनियातील न्यू होप येथील आपल्या शेतावर त्याला काम दिले: कोंबड्या पाळण्याचे. तेथेच पुढे त्याने आपले घर आणि कर्मशाळा उभी केली, आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत, 1990 पर्यंत, तो तेथे काम करीत राहिला. त्याचे नाव झाले ते अखंड ओंडक्याच्या रुंद फळ्यांच्या टेबलांमुळे. दुसरे कारखानदार ज्या फळीला चिरलेली म्हणून फेकतील, ती तो निवडी. कड सरळ कापण्याऐवजी सालीखालची नैसर्गिक कड तशीच ठेवी. आणि चीर लपविण्याऐवजी तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी बसवी. त्या डमरूचे तंतू चिरेला काटकोनात असतात. त्याची दोन्ही टोके रुंद असल्यामुळे चीर उघडू पाहील तर तीच टोके तिला धरून ठेवतात. इंग्रजीत तिला फुलपाखरू म्हणतात. आम्हांला डमरू अधिक पटतो. आज ह्या डमरूची नक्कल शहराशहरांतून नुसती शोभेसाठी, चीर नसलेल्या फळीवरसुद्धा केलेली दिसते. मिनिडोकाच्या माळावर तुटक्या लाकडाशी ज्याने झटापट केली, त्याला तो शोभेचा दागिना वाटला नसावा.

ह्या माणसाचा आपल्या देशाशी संबंध पुढेही राहिला. 1964 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तो आला, तेथे त्याने फर्निचरचे नमुने तयार केले आणि संस्थेच्या कर्मशाळेत ते आपल्याकडच्या सुतारांनी घडविले. ओरोव्हिलमध्ये 1996 साली त्याच्या शांतिमेजांपैकी एक बसविण्यात आले; ते त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलीच्या देखरेखीखाली, त्याच्याच कर्मशाळेत झाले. मिनिडोकात जी तान्ही होती तीच ही मुलगी, मीरा. म्हणजे विद्या आणखी एका पिढीत गेली.

दुसरे एक नाव येथे घेतले पाहिजे, ते जेम्स क्रेनॉव्हचे. जन्म 1920, सायबेरियाच्या अगदी पूर्व टोकाला, लहानपण अलास्कात, कारागिरी शिकला स्वीडनमध्ये, कार्ल माल्मस्तेन यांच्या शाळेत. 1981 साली कॅलिफोर्नियातील फोर्ट ब्रॅग येथे एका कॉलेजात त्याने लाकडी कपाटे-पेट्या करण्याचा अभ्यासक्रम चालू केला आणि सुमारे वीस वर्षे तो तेथे शिकवीत राहिला. 2009 साली तो वारला. शाळा आज त्याच्या नावाने चालते. तेथे येणारा विद्यार्थी पहिल्या आठवड्यांत काय करतो? टेबल नाही, पेटीही नाही. तो स्वतःचा लाकडी रंधा बनवितो. रंध्याचे पाते धार लावून तयार करतो, रंध्याचा तळ सपाट करतो, आणि पारदर्शक वाटावा इतका पातळ सोल निघेपर्यंत तेच करीत राहतो. आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराला आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आणि तोवर त्यांना जेवायला कोण घालतो?” प्रश्न खवचट होता, पण खोटा नव्हता. फोर्ट ब्रॅगचा विद्यार्थी फी भरून शिकतो. आमच्याकडचा सुताराचा पोर घरी पैसे पाठविण्यासाठी येतो.

आता आमची चूक.

एका तालुक्याच्या गावी फर्निचरचा एक छोटा कारखाना होता. अकरा माणसे, त्यांत चार मिस्त्री, बाकी मदतनीस आणि तीन पोरे. मजुरी रोजावर, तीही तुटपुंजी, आणि तारखेला कधी मिळत नसे. 2004 साली लोक आमच्याकडे आले. तीन महिने बोलणी चालली आणि शेवटी आम्ही नगावर मजुरीचा करार करून घेतला: प्रत्येक खुर्चीला इतके, प्रत्येक कपाटाला इतके, हिशेब दर शनिवारी. मसुदा आम्हीच लिहिला. मिस्त्रींची कमाई खरोखरच वाढली. त्या करारावर आम्ही दोन-चार सभांत भाषणेही ठोकली.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा तेथे गेलो. पोरे तीच होती, पण दोन वर्षांत ती पॉलिशपेपर घासणे आणि फळ्या वाहणे यांपलीकडे गेली नव्हती. सर्वांत थोरल्या मिस्त्रींना आम्ही थोडे रागानेच म्हटले, “मिस्त्री, पूर्वी तुम्ही ह्या पोरांना जवळ उभे करीत होता. आता त्यांना काहीच येत नाही, हे कसे?”

मिस्त्री रंधा थांबवून म्हणाले, “भाऊ, पोराला कुसू पाडायला दिले की तो पहिली चार वाया घालवणार. लाकूड माझे जाणार, माझा अर्धा दिवस जाणार. एक खुर्ची कमी. ती खुर्ची तुमच्या कागदात कुठे लिहिली आहे ते दाखवा.”

ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: खुर्चीच्या आडव्या दांडीच्या टोकाला जी जीभ ठेवतात ती कुसू, आणि ती पायाच्या ज्या भोकात बसते ती खोबण. सगळी खुर्ची ह्या सांध्यावर उभी असते. जीभ केसभर जाड राहिली तर पाय फुटतो. केसभर बारीक झाली तर वर्षात खुर्ची डुगडुगते. हे शिकायचे तर कुसू वाया घालवावेच लागतात, त्याला दुसरा मार्ग नाही.

आम्ही कागद काढून पाहिला. ती खुर्ची त्यात नव्हती. रोजावरच्या जुन्या, लबाड व्यवस्थेत मिस्त्रींचा वेळ मालकाचा होता, त्यामुळे त्यातला थोडा पोरांना देणे त्यांना परवडत होते. आम्ही तो वेळ त्यांच्या मालकीचा करून दिला, आणि त्याबरोबर शिकविण्याचा सगळा खर्चही त्यांच्याच खिशावर टाकला. मालकाने हे जाणूनबुजून केले असते तर आम्ही त्याला धूर्त म्हटले असते. आम्ही ते न कळता केले.

शिवाय दुसरी एक गोष्ट होती, ती मिस्त्री त्या दिवशी बोलले नाहीत; पुढे एकदा चहा पिताना बोलले. पोर तयार झाले की मालक त्याला कमी दरात कामाला लावणार आणि म्हाताऱ्याला घरी बसविणार, ही भीती. कारागीर विद्या लपवितो असा जो त्याच्यावर सर्रास आरोप होतो, तो करणाऱ्यांनी ह्या भीतीचा विचार केलेला आम्ही फारसा पाहिला नाही. जगभरच्या जुन्या कारागीरसंघांनी उमेदवार किती घ्यावे ह्यावर जी बंधने घातली, ती नुसत्या हावरेपणाने नव्हेत.

कोणी म्हणेल, आपल्याकडे 1961 सालापासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. आहे, आणि त्यात शिकवण्याची व्यवस्था मालकाने करावी असेही आहे. परंतु उमेदवार घेण्याचे बंधन सध्या तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांवर आहे. अकरा माणसांच्या शेडमध्ये तो पोचत नाही, आणि आपल्याकडचे चांगले लाकूडकाम तर पुष्कळसे अशाच शेडमधून होते.

करार बदलायला सात महिने लागले. नवे कलम साधे होते: दर दिवशी एक तास शिकविण्याचा, त्याची मजुरी मिस्त्रींना नगावर नव्हे तर वेळेवर, वाया जाणारे लाकूड मालकाचे, आणि शिकून तयार झालेल्या मुलाला मिस्त्रींपेक्षा कमी नगदर द्यायचा नाही. शेवटच्या अटीवर मालक सर्वांत जास्त अडला. आमचे काही सभासदही नाराज होते. पहिले पंधरा दिवस मिस्त्रींनी पोरांकडून दगडावर पात्यांना धार लावण्याखेरीज काही करून घेतले नाही, तेव्हा “तास फुकट चालला” अशी तक्रार आमच्याच माणसांनी आमच्याकडे केली. आम्हांला तेव्हा क्रेनॉव्हचे नावही ठाऊक नव्हते. असते तर उत्तर देता आले असते. तीन पोरांपैकी एक पुण्याला निघून गेला, एक गवंडीकामाकडे वळला. एक टिकला.

त्या तासात एकदा मिस्त्रींनी आम्हांलाच करवत हातात दिली. म्हणाले, “कलमे लिहिता, एक कुसू पाडून बघा.” आम्ही सागाच्या दोन तुकड्यांचा सांधा केला. दुपार गेली. कुसू एका बाजूला झुकला, खोबण रुंद झाली. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला, हसले नाहीत, नुसते “पहिल्याच्या मानाने ठीक” म्हणून परत दिला. तो आमच्या कचेरीत कागद दाबण्यासाठी ठेवलेला आहे. आषाढात घट्ट बसतो. चैत्र लागला की हलतो.